मुक्या माराचें इंग्रजी

न्यायालयांत साक्षीदारांच्या जबान्या मराठींतून इंग्रजींत उतरविण्याचें काम मीं कांहीं वर्षें केलें. त्या कामांत मोठे शब्द फारसे अडत नसत. गहाण, कबजा, दत्तक, वारसा यांचे इंग्रजी प्रतिशब्द कायद्याच्या पुस्तकांनीं केव्हांच ठरवून ठेवले आहेत. अडत ते घरगुती शब्द. आणि त्यांतहि, अंगाला कोठें कसें लागलें हें सांगणारे. एकदां एक म्हातारी भाजीवाली साक्षीला उभी राहिली. बाजारांतल्या जागेवरून भांडण होऊन एकानें हातगाडीचा दांडा तिच्या बरगडींत मारला होता. "बाई, लागलें कसें तें सांगा," असें वकिलांनीं म्हणतांच ती म्हणाली, "मुका मार बसला, साहेब. वरून कांहीं दिसत नव्हतं, पण आंत सगळं ठेचलं होतं." 'मुका मार' या दोन शब्दांपुढें मी क्षणभर थबकलों आणि 'ब्रूझ' असें सांगून मोकळा झालों. त्या शब्दानें पुढें काय केलें तें शेवटीं सांगेन. इंग्रजींतले दुखापतीचे शब्द मुळांत कोठून आले हें शोधण्याचा नाद मात्र मला त्या दिवसापासून लागला.

या शब्दांकडे जरा निरखून पाहिलें तर ते एका घराण्याचे नाहींत हें चटकन् ध्यानांत येतें. 'वूंड' म्हणजे जखम, 'सोअर' म्हणजे दुखरा भाग, 'लेम' म्हणजे लंगडा, हे अस्सल जुन्या सॅक्सन घरांतले. 'हर्ट', 'मेम', 'इन्जरी', 'स्कार' हे नॉर्मन लोकांबरोबर फ्रेंच भाषेंतून आलेले. आणि 'फ्रॅक्चर', 'कन्ट्यूजन', 'लॅसरेशन' हे शस्त्रवैद्यांनीं लॅटिनमधून उचललेले. मराठी माणसाला यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं. आपल्याकडे तरी काय आहे? 'जखम' फारशींतून आली, 'इजा' अरबींतून; 'घाव' आणि 'वण' यांचें मूळ संस्कृतांत; आणि खरचटणें, मुरगळणें, लचकणें, ठेच, टेंगूळ हे मात्र घरच्या अंगणांतले. पोर पायरीवरून पडलें तर आई 'टेंगूळ आलें' म्हणते. त्याच पोराचा बाप फिर्याद गुदरावयास गेला कीं त्याला 'इजा' हा शब्द लागतो. दरबाराची भाषा बदलली कीं अंगावरच्या खुणांचीं नांवेंहि बदलतात, हा अनुभव दोन्ही भाषांना आहे.

इंग्रजी शब्दांचा सर्वांत जुना पुरावा वैद्यकांत सांपडत नाहीं, कायद्यांत सांपडतो. इ. स. ५९७ मध्यें ऑगस्टिन हा धर्मोपदेशक केंट प्रांतांत उतरला. तेथील राजा एथलबर्ट यानें त्यानंतर थोड्याच वर्षांत, म्हणजे ६०० च्या सुमारास, आपल्या राज्याचे कायदे लिहवून घेतले, आणि तेहि लॅटिनमध्यें न लिहवितां लोकांच्या बोलींत. रचनेचा काळ पाहतां इंग्रजी भाषेंतला हा सर्वांत जुना लेख होय. त्याची एकच प्रत आज शिल्लक आहे. ती रॉचेस्टर येथें इ. स. ११२० नंतरच्या कांहीं वर्षांत उतरविलेल्या पुस्तकांत आहे. अठराव्या शतकाच्या आरंभीं हें पुस्तक एका प्रवासांत पाण्यांत पडलें होतें. तें वेळेवर बाहेर निघालें म्हणून आज आपण हा विषय बोलूं शकतों.

या कायद्याचा मोठा भाग म्हणजे निव्वळ दुखापतींचा दरपत्रक आहे. डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत एकेक अवयव घेतला आहे आणि त्याच्यापुढें भरपाईचा आंकडा मांडला आहे. सामान्य स्वतंत्र मनुष्य ठार झाला तर १०० शिलिंग. डोळा फोडला तर ५०, पाऊल तोडलें तर ५०. कान तोडला तर १२, परंतु त्या कानाचें ऐकूं येणेंच बंद पडलें तर २५. पुढच्या चार दांतांपैकीं प्रत्येकास ६ शिलिंग, त्याच्या शेजारच्यास ४, त्यापुढच्यास ३, आणि बाकीच्यांस एकेक. हाताचा अंगठा २०, मधलें बोट ४, अंगठीचें बोट ६, करंगळी ११. अंगठीच्या बोटाला तेथें 'सोन्याचें बोट' म्हटलें आहे. आणि आपण ज्याला तर्जनी, म्हणजे धमकावण्याचें बोट, म्हणतों त्याला त्या लोकांनीं 'बाण सोडण्याचें बोट' असें नांव दिलें आहे. भरपाईला त्यांचा शब्द होता 'बोट'. आपल्या बोटाशीं त्याचा कांहींएक संबंध नाहीं, परंतु बोटांच्या किंमती वाचतांना तो ओळीओळीला भेटतो तेव्हां मराठी वाचकाला हंसूं आल्यावांचून राहत नाहीं. 'शिवाय, वरकड' अशा अर्थीं इंग्रज आज 'टु बूट' म्हणतो, त्यांत हा जुना 'बोट' अजून जिवंत आहे.

भाषाहि कशी रोखठोक आहे! हाड उघडें पडलें तर तें 'बानेस ब्लिचे', म्हणजे हाडाचें दिसणें. त्याचे ३ शिलिंग. हाडालाच धक्का लागला तर 'बानेस बिते', म्हणजे हाडाला चावा; त्याचे ४. तीन शब्दांचें वाक्य आणि पुढें आंकडा. ज्यांना वाचतां येत नव्हतें अशा पंचांना तोंडपाठ करतां यावें अशीच ही घडण आहे.

परंतु या दरपत्रकांत खरी विचार करावयाला लावणारी कलमें आहेत तीं लहानसहान माराचीं. त्या वेळीं केंटमध्यें एका शिलिंगाच्या २० 'स्कॅट' होत. माराचा काळा वण कपड्याबाहेर दिसत असेल तर ३० स्कॅट. कपड्याखालीं झांकत असेल तर २०. मार तोच, दुखणें तेंच, शरीरहि तेंच. पण लोकांना दिसला म्हणजे त्याची किंमत दीडपट. याहून नवल पुढें आहे: दुसऱ्याचे केस धरून ओढले तर ५० स्कॅट, म्हणजे अडीच शिलिंग. बरगडी मोडल्याचे तीनच शिलिंग ठेवले आहेत हें लक्षांत घेतलें म्हणजे केस ओढण्याचे अडीच कां, असा प्रश्न पडतो. पागोटें उडविणें म्हणजे काय हें ज्या समाजाला ठाऊक आहे त्याला याचें उत्तर फोडून सांगावयास नको. हा कायदा वेदना मोजीत नव्हता. अब्रू मोजीत होता. इ. स. ८७१ ते ८९९ या काळांत राज्य केलेल्या आल्फ्रेड राजाच्या कायद्यांतहि तोच हिशेब आहे: केसांखालीं झांकणारी जखम इंचाला एक शिलिंग, केसांपुढें कपाळावर असेल तर इंचाला दोन. भाजीवालीच्या मुक्या माराला या राजांच्या दरबारीं भरपाई मिळाली असती, पण ती कपड्याखालच्या दरानें.

पुढें इ. स. १०६६ मध्यें नॉर्मंडीच्या विल्यमनें इंग्लंड जिंकलें आणि न्यायालयांत फ्रेंच शिरली. १३६२ मध्यें कायदा करून वादविवाद इंग्रजींत चालवावे असें ठरविलें, तरी वकिलांची ती मोडकीतोडकी फ्रेंच आणि दप्तरांतली लॅटिन १७३१ च्या कायद्यापर्यंत पूर्णपणें गेली नाहीं. या दीर्घ काळांत तीन शब्द घट्ट रुजले. 'हर्ट' याचा फ्रेंचमधला अर्थ धडक देणें, मेंढा टक्कर देतो तशी. इंग्रजींत तो हळूहळू धडक देणाराकडून धडक खाणाराकडे सरकला. 'इन्जरी' तर मुळांत शरीराचा शब्दच नव्हे. लॅटिनमध्यें 'यूस' म्हणजे न्याय, हक्क; त्याच्या उलट तें 'इन्यूरिया', म्हणजे अन्याय. मनुष्याला शिवी देणें ही पूर्ण वाढलेली 'इन्जरी' होती. आज खेळाडूच्या गुडघ्याला तो शब्द लावतात तेव्हां त्या गुडघ्यावर कोणी अन्याय केलेला असतोच असें नाहीं!

तिसरा शब्द 'मेम', त्याचेंच कायद्यांतलें रूप 'मेहेम'. हा सर्वांत महत्त्वाचा. कारण याच्याबरोबर अंग मोजण्याची काठीच बदलली. तेराव्या शतकांतील ब्रॅक्टनच्या नांवावर चालणाऱ्या ग्रंथापासून अठराव्या शतकांतील ब्लॅकस्टोनपर्यंत सर्वांनीं 'मेहेम'चा अर्थ एकच सांगितला आहे: मनुष्य लढावयास अपात्र होईल अशी इजा. राजाला सैनिक हवा. शिवाय फिर्यादी आणि आरोपी यांनीं द्वंद्वयुद्ध करून खटला सोडविण्याची तेव्हां रीत होती. मग हात, बोट, डोळा गेला तर 'मेहेम'. पुढचा दांत पाडला तर 'मेहेम', कारण लढाईंत तो चावावयास उपयोगी. दाढ पाडली तर नाहीं. आणि नाक किंवा कान कापला तर? तेंहि 'मेहेम' नव्हे. त्यानें मनुष्य विद्रूप होतो, दुबळा होत नाहीं, असें ब्लॅकस्टोन स्पष्ट म्हणतो. एथलबर्टनें चेहऱ्यावरच्या काळ्या वणाची वेगळी किंमत लावली होती, आणि साडेसहा शतकांनंतरच्या व त्यापुढच्या या शहाण्यांना नाक गेलें तरी त्यांत विशेष कांहीं दिसेना. ज्याला किंवा जिला लढावयाचेंच नाहीं त्यांच्या अंगाचें मोल या काठीनें काय होणार? आज 'मेहेम' हा शब्द नुसत्या गोंधळाला किंवा धुमाकुळाला वापरतात. त्याच्या मागें एवढा रक्ताचा हिशेब आहे हें वापरणाराच्या गांवींहि नसतें.

नाकाला न्याय मिळाला तो एका राजकारणी थट्टेमुळें. इ. स. १६७० मध्यें सर जॉन कॉव्हेंट्री या पार्लमेंटच्या सभासदानें नाटकगृहांवरील कराचा विषय चालला असतां दुसऱ्या चार्ल्स राजाच्या नटींच्या नादावर टोमणा मारला. त्या वर्षाच्या डिसेंबरांत राजाच्या पक्षाच्या शिपायांनीं त्याला रस्त्यांत गांठून त्याचें नाक हाडापर्यंत चिरलें. पार्लमेंट खवळलें. लगेच नवा कायदा झाला: टपून बसून, बेत करून कोणाची जीभ तोडली, डोळा फोडला, नाक वा ओंठ कापला, तर देहांत शासन. 'विद्रूप करण्याच्या हेतूनें' ही कल्पना त्यांत प्रथमच ठसठशीतपणें आली. सभासदाच्या नाकाऐवजीं एकाद्या कोळिणीचें नाक चिरलें असतें तर हें झालें असतें काय, हा प्रश्न मनांत येतो खरा.

शस्त्रवैद्यांच्या लॅटिन शब्दांविषयीं थोडक्यांत सांगितलें तरी पुरे. चौदाव्या-पंधराव्या शतकांत शस्त्रक्रियेचे लॅटिन ग्रंथ इंग्रजींत उतरूं लागले आणि भाषांतरकारांनीं, माझ्याप्रमाणेंच, जेथें अडलें तेथें मूळ शब्द तसाच ठेवून दिला! 'कन्ट्यूजन' म्हणजे कुटणें, 'लॅसरेशन' म्हणजे फाडणें, 'अब्रेजन' म्हणजे खरवडणें, 'कन्कशन' म्हणजे गदगदां हालविणें. अर्थ उलगडून पाहिले तर हे आजीबाईच्याच तोंडचे शब्द आहेत. केवळ परभाषेंत असल्यामुळें त्यांना विद्वत्तेचा वास येतो. 'स्कार' या शब्दाची जन्मकथा मात्र गोड आहे. ग्रीक भाषेंत त्याचें मूळ म्हणजे घरांतली चूल; चुलीनें भाजल्याची खपली तो 'स्कार', मग कोणताहि वण.

आणि 'ब्रूझ'? तो मूळचा सॅक्सन. अर्थ चेंचणें, चुरडणें. त्यांत फ्रेंचमधला 'मोडणें' या अर्थाचा तसाच एक शब्द मिसळला. खलांत औषधी पाला ठेचावयाचा तरी इंग्रज पुष्कळ काळ 'ब्रूझ' हेंच क्रियापद वापरीत असे. नंतर मात्र त्याचा अर्थ आक्रसत गेला आणि कातडीखालीं रक्त सांकळून उठणारा काळानिळा डाग एवढाच राहिला. म्हणजे आधीं तो आंतल्या ठेंचण्याचा शब्द होता, नंतर वरून दिसणाऱ्या रंगाचा झाला. हें मला फार उशीरा कळलें.

एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडच्या न्यायाधीशांनीं 'वूंड' या साध्यासुध्या शब्दालाहि असेंच कोंडीत धरलें. १८२८ च्या कायद्यांत भोंसकणें, कापणें किंवा 'वूंड' करणें हा गुन्हा होता. १८३० मध्यें एका खटल्यांत गळ्याजवळचें हाड मोडलें होतें, पण कातडी फाटली नव्हती. म्हणून ती 'वूंड' नव्हे असें ठरलें. त्याच काळांत दांतानें चावून बोटाचा शेंडा तोडला तरी ती 'वूंड' नव्हे असेंहि ठरलें, कारण दांत म्हणजे हत्यार नव्हे! ही पळवाट पुढें कायद्यानें बुजवली आणि १८६१ च्या कायद्यांत 'कोणत्याहि साधनानें' असे शब्द आले. कातडीची अट मात्र राहिली. विसाव्या शतकाच्या नवव्या दशकांत एका मुलाच्या डोळ्यापाशीं हवेच्या बंदुकीची गोळी लागून डोळ्याच्या आंत रक्त सांकळलें होतें. तेव्हांहि, कातडी तुटली नाहीं सबब 'वूंड' नाहीं, असाच निकाल झाला. मार मुका असला कीं इंग्रजी कायदाहि मुका होतो तो असा.

आतां आपल्याकडे यावयाचें. मेकॉले १८३४ मध्यें हिंदुस्थानांत आला, त्याच्या कमिशनचा दंडसंहितेचा मसुदा १८३७ मध्यें तयार झाला, तो १८६० मध्यें कायदा झाला आणि १ जानेवारी १८६२ पासून अमलांत आला. या संहितेनें 'मेहेम' टाकून दिला, 'वूंड'चा कातडीसोल वादहि टाळला, आणि पायाला घेतला तो 'हर्ट' हा साधा शब्द: शारीरिक वेदना, रोग किंवा दुर्बलता उत्पन्न करणें म्हणजे 'हर्ट'. ('मेम' हा शब्द राहिला तो जनावरांना अपंग करण्याच्या कलमांत!) यासाठीं मेकॉलेला श्रेय दिलेंच पाहिजे. मराठींत त्याला दुखापत म्हणतात. 'इन्जरी'ला तर या संहितेनें तिचा जुना लॅटिन अर्थ परत दिला. शरीर, मन, अब्रू किंवा मालमत्ता यांपैकीं कशालाहि बेकायदा पोंचविलेली हानि ती 'इन्जरी'. म्हणून दवाखान्यांतल्या कागदावरची 'इन्जरी' आणि संहितेंतली 'इन्जरी' या दोन निरनिराळ्या वस्तु आहेत.

मग 'जबर दुखापत' कोणती? कलम ३२० मध्यें आठ प्रकार होते. डोळा, कान, अवयव, सांधा. डोकें वा चेहरा कायमचा विद्रूप होणें. हाड किंवा दांत मोडणें अथवा निखळणें. या यादींत एथलबर्टच्या दरपत्रकाची सांवली दिसते आणि कॉव्हेंट्रीचें नाकहि दिसतें. आठवा प्रकार मात्र अगदीं निराळा: जिवाला धोका होईल अशी दुखापत, किंवा जिच्यामुळें मनुष्य वीस दिवस तीव्र वेदनेंत राहील अथवा आपला नेहमींचा व्यवसाय करूं शकणार नाहीं अशी दुखापत. १८१० च्या फ्रेंच दंडसंहितेंतहि कामास मुकण्याची वीस दिवसांचीच मर्यादा होती. म्हणजे पहिल्या काठीवर अब्रूच्या खुणा होत्या, दुसरीवर लढाईच्या. या तिसरीवर कामाच्या दिवसांच्या खुणा आल्या. ती संहिता १ जुलै २०२४ रोजीं जाऊन भारतीय न्याय संहिता आली. तिच्या ११६ व्या कलमांत हे वीस दिवस आतां पंधरा झाले आहेत.

डॉक्टरांच्या दाखल्यांची भाषा आपल्याकडे ज्या ग्रंथांनीं घडविली त्यांत डॉ. जयसिंग मोदी यांचा १९२० सालीं प्रथम निघालेला न्यायवैद्यकावरील ग्रंथ प्रमुख आहे. त्यामुळें दाखल्यांत खरचटणें, काळानिळा डाग, फाटलेली जखम, कापलेली जखम असे नेमके रकाने पडले. हें चांगलेंच झालें. परंतु 'मुका मार' हा शब्द अशा कोणत्याच रकान्यांत नीट बसत नाहीं. कारण तो डाग सांगत नाहीं, डाग नाहीं हेंच सांगतो.

भाजीवालीच्या खटल्यांत असेंच झालें. दाखल्यांत लिहिलें होतें: डावी बरगडी दाबल्यास दुखते, सूज नाहीं, रंगांत फरक नाहीं. आरोपीच्या वकिलांनीं डॉक्टरांना विचारलें, "ब्रूझ होता काय?" डॉक्टर म्हणाले, "नव्हता." वकील न्यायाधीशांकडे वळून म्हणाले, "बाई शपथेवर सांगते ब्रूझ होता. डॉक्टर सांगतात नव्हता." बाईनें तसें सांगितलेंच नव्हतें. तें मीं सांगितलें होतें. हें उठून बोलावें एवढें धैर्य तेव्हां माझ्या अंगीं नव्हतें.

नंतर दिवसांचा हिशेब निघाला. तेव्हां जुनीच संहिता चालू होती, म्हणून वीस दिवसांचा. "बाई, तुम्ही बाजारांत किती दिवस गेलां नाहीं?" "सात दिवस, साहेब. आठव्या दिवशीं टोपली उचलली." "म्हणजे आठव्या दिवशीं दुखणें बरें झालें होतें?" ती म्हणाली, "बरं कसलं? घरांत पीठ नव्हतं." हें वाक्य मीं अक्षरशः बरोबर उतरविलें आणि तें दप्तरांत गेलें. बरगडीचें क्ष-किरण छायाचित्र कोणीं काढविलेंच नव्हतें, तेव्हां हाड मोडलें होतें कीं काय हें शेवटपर्यंत कळलें नाहीं. निकाल साध्या दुखापतीचा लागला आणि आरोपीला किरकोळ दंड झाला. त्यानंतर 'मुका मार' हे शब्द माझ्यापुढें पुष्कळदां आले. प्रत्येक वेळीं मीं ते मराठींतच लिहिले, आणि पुढें इंग्रजींत जोडलें: आंत ठेचल्यासारखें दुखतें, वर खूण नाहीं.